गर्दी झाली की गळपटणारा सर्व्हर

केळीच्या मोजक्या रोपांची ऑनलाइन नोंदणी सलग दुसऱ्या दिवशी कोलमडली, तसे भडगावच्या केळी उत्पादक संस्थेचे अध्यक्ष पितांबरनाना तरातरा हेमांगीच्या टेबलापाशी आले.

"तुना सर्व्हर परत मरी गया ना वं! बठ्ठा लोके मना नावनी बोंब मारतस!"

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संस्थेचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे ती एकटी. एरवी सर्व्हर संस्थेचा. बंद पडला की तिचा!

"नाना, तो चालूच आहे. लोक एकदम तुटून पडले की त्याचं नेटवर्क जातं."

"म्हंजे गर्दीले घाबरस?"

"म्हणजे बिघाड आहे. मला शोधू द्या!"

पण शोधू देईल तर ती संस्था कसली? नानांनी आपल्या केबिनमधला कूलर सर्व्हरसमोर आणून लावला. कारकून तोतारामने सर्व्हरवर लिंबू-मिरची टांगली. यावलहून एका शेतकऱ्याने फोनवरच तिची लायकी काढली. शेवटी तिने सर्व्हर विकणाऱ्या धुळ्याच्या दुकानदाराला गाठलं.

"मॅडम, बंद करून चालू करा."

"केला. चालू होतो. गर्दी आली की पुन्हा जातो."

"मग गर्दी कमी करा ना."

हेमांगीने फोन आपटला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. केबल बदलून पाहिली, फरक नाही. केबल दुसऱ्या खाचेत लावली, फरक नाही. मग ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवरून तिने भल्यामोठ्या फाइली एकदम सर्व्हरवर सोडल्या. पंखा फिरत होता, स्क्रीन जिवंत होती, आणि नेटवर्क गायब! सर्व्हर धडधाकट होता. त्याचं नेटवर्क कार्डच भार पडला की मान टाकत होतं.

"आणि शिव्या मी खाल्ल्या!" ती भिंतीला म्हणाली.

स्वतः एसटीने जळगावला जाऊन तिने नवं कार्ड आणलं, बसवलं, आणि पुन्हा तेवढ्याच फाइली सोडल्या. या वेळी नेटवर्क हललं नाही.

दुसऱ्या दिवशी नोंदणी सुरू झाली नि सुरळीत चालली. नानांना आनंद आवरेना. त्यांनी आलेल्या सभासदांना गोळा केलं, सर्व्हरला हार घातला आणि भाषणाला उभे राहिले.

"नाना, आधी तुमची रोपं नोंदवून घ्या," हेमांगीने दोनदा सांगितलं.

"थांब वं! मी अध्यक्ष शे. मनी नोंदणी कोठे पळी जाई?"

नाना संस्थेच्या स्थापनेपासून बोलले. समोरचे सभासद माना डोलवत होते आणि मांडीवरच्या मोबाइलवर बोटं चालवत होते. टाळ्या झाल्यावर नानांनी खिशातून मोबाइल काढला. चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला.

"हेमांगी, आठे ‘रोपे संपली’ दिसी राह्यनं. सर्व्हर बंद पडना का?" त्यांच्या आवाजात आशा होती.

"ठणठणीत आहे, नाना. रोपंच संपली."

नानांचं रान नांगरून तयार होतं. ते तिच्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "कालना बिघाड घडीभर परत लावता यी का वं? म्हंजे नोंदणी नव्यानं करता यी."

"येईल की," हेमांगी म्हणाली. "फक्त बाहेरच्या मंडळींना तुम्ही सांगा."

नानांनी दारातून डोकावून पाहिलं. ओट्यावर सभासद एकमेकांना मोबाइल दाखवत खिदळत होते. नाना परत आत वळले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "औंदा ज्वारी पेरसू."