पहिली वेलांटी

मला कोणी फसवू शकत नाही! ही फुशारकी नाही, हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गाला मी 'माध्यम साक्षरता' शिकवतो. म्हणजे मोबाइलवर आलेला संदेश खरा की खोटा, फोटो कालचा की दहा वर्षांपूर्वीचा, पडद्यावर बोलणारा माणूस खरा की संगणकाने बनवलेला, हे ओळखायचं कसं, ते शिकवतो. वर्गात त्रेचाळीस जण आहेत. बेचाळीस हुशार. त्रेचाळिसावा माझ्या प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हणतो, म्हणून त्याचं नावच 'हो सर' पडलंय.

पहिल्याच तासाला मी बजावलं होतं, "खोट्या संदेशाच्या खुणा लिहून घ्या! अनोळखी नंबर. घाई. ढीगभर उद्गारचिन्हं. 'सर्वांना पुढे पाठवा.' आणि अशुद्ध लेखन! शंका आली, तर थेट मूळ ठिकाणी विचारा. आणि माझ्या नावाने आलेल्या संदेशात 'परीक्षा'तल्या 'री'ला पहिली वेलांटी दिसली, तर डोळे मिटून समजा, तो माझा नाही. मी जीव सोडीन, पण दुसरी वेलांटी सोडणार नाही!"

"हो सर," असा आवाज आला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेनऊला विभागप्रमुख मॅडमचा फोन. "सर, दोनची परीक्षा अकराला घ्यायची. दुपारी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद आहे. मी आता बैठकीला चाललेय, मुलांना तुम्हीच कळवा. नवी लिंक लिहून घ्या. आणि हजेरीकडे लक्ष द्या हं! जो येणार नाही तो नापास. निकाल नव्वद टक्क्यांच्या खाली आला, तर पुढच्या वर्षी तुमचा विषय बंद!"

फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिंक उतरवली. शेवटचं अक्षर लिहिलं, समाधानाने मान सरळ केली आणि फोन थेट फरशी पुसायच्या बादलीत!

लॅपटॉपवरून मेल करायला गेलो, तर तो म्हणाला, फोनवर ओटीपी पाठवलाय. कोणत्या फोनवर? बादलीतल्या! मॅडमचा नंबरही त्यातच. माझी भंबेरी उडाली. शेवटी बायकोचा फोन मागितला. हजेरीच्या कागदावर वर्गप्रतिनिधीचा नंबर होता. चष्मा सापडत नव्हता, पण घाईत चष्मा कोण शोधतो? अर्धा शब्द टाइप केला की बायकोचा फोन पुढचा आपणहून पुरवत होता. मी पाठवून मोकळा झालो.

चष्मा सापडल्यावर वाचलं. 'तातडीचे!!! परिक्षा दोन ऐवजी सकाळी अकरा वाजता!!! खालील लिंकवर लगेच क्लिक करा!!! सर्वांना पुढे पाठवा!!!'

"अगं, ही पहिली वेलांटी कुठून आली?"

"मी नेहमी तशीच लिहिते," बायको म्हणाली. "माझ्या फोनला सवय आहे. अहो, कळलं म्हणजे झालं ना?"

कळलं. फारच चांगलं कळलं! वर्गप्रतिनिधीचं उत्तर आलं, 'आपण कोण?'

'मी तुमचा सर.'

'कशावरून?'

मी व्हिडिओ कॉल लावला. तिने उचलला आणि माझ्याकडे असं पाहू लागली, जसं मीच तिला पाहायला शिकवलं होतं.

"डोळे मिचकावत नाहीये," ती शेजारी बसलेल्या मैत्रिणीला म्हणाली. मी भराभर डोळे मिचकावले.

"आता जास्तच मिचकावतोय! आणि मागे बघ. सरांच्या मागे पुस्तकांचं कपाट असतं. याच्या मागे दोरीवर टॉवेल आहेत."

"अगं, ते कपाट खोटं आहे! ते चित्र लावतो मी! टॉवेल खरे आहेत!"

"बघ, स्वतःच कबूल केलं, खोटं आहे म्हणून."

मी शेवटचा पुरावा काढला. "हे बघ, पहिल्या तासाला मी काय म्हणालो होतो ते सांगतो. 'मी जीव सोडीन, पण...'"

"ते रेकॉर्डिंगमध्ये आहे, कोणीही सांगेल. मी कार्यालयातही विचारलंय. तिथे दोनचीच वेळ लावलीये." कॉल बंद. नंबर ब्लॉक. मी आरशासमोर जाऊन उभा राहिलो. मीच होतो. निदान तसं वाटत तरी होतं.

अकराला लॅपटॉपवर नवी लिंक उघडली. एका चौकटीत मॅडम, एकीत मी आणि तिसरीत 'हो सर'! बाकी बेचाळीस जण नापास होणार होते आणि त्यांचा दोष एवढाच, की ते माझं ऐकत होते. मला रडू यायचं बाकी राहिलं.

"तू कसा आलास रे?" मी विचारलं.

"सर, ग्रुपवर तुमच्या संदेशाचा फोटो आला. वर लिहिलं होतं, 'ही लिंक उघडू नका.' म्हटलं, बघू या तरी काय आहे. फोटोवर क्लिक होईना, म्हणून एकेक अक्षर हाताने टाइप केलं."

तासाभराने मॅडमने त्याचा पेपर उघडला. पहिला प्रश्न मीच काढला होता. 'अनोळखी नंबरवरून "परिक्षा" असे लिहिलेला घाईचा संदेश आला, त्यात लिंक असली, तर काय कराल?' त्याचं उत्तर, 'उघडीन.'

मॅडम बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "सर, आलेला एकटा या प्रश्नात नापास आणि न आलेले सगळे पास! फेरपरीक्षा घेऊ. पण कळवेल कार्यालय. तुम्ही कृपा करून काही पाठवू नका."

चौथ्या दिवशी माझ्या नव्या फोनवर अनोळखी नंबरवरून संदेश आला. 'फेरपरिक्षा सोमवारी सकाळी अकरा वाजता. उपस्थित रहावे.' पहिली वेलांटी! मी गालातल्या गालात हसलो.

"अहो, ऑफिसात विचारून तरी घ्या," बायको म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? मी हा विषय शिकवतो!" संदेश पुसून टाकला.

सोमवारी सव्वाअकराला मी निवांत चहा घेत असताना मॅडमचा फोन आला. "सर, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जण हजर आहेत! तुम्ही कुठे आहात?"

"मॅडम, तो संदेश खोटा होता... ती वेलांटी..."

"वेलांटी आमच्या कारकुनाची चुकली. मुलांनी कार्यालयात फोन करून खात्री करून घेतली. त्रेचाळीस फोन आले! पहिला त्या 'हो सर'चा. शंका आली तर थेट मूळ ठिकाणी विचारा, असं तुम्हीच शिकवलंत म्हणे त्यांना?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"हो, मॅडम," मी म्हणालो.