उंद्री फाट्यावरचं अनधिकृत बांधकाम

वस्तू विकणाऱ्याची नसते, विकत घेणाऱ्याची तर नसतेच. जो ती उघडून बसतो, त्याची ती होते. हे तत्त्व पंख्यापासून पंचायतीपर्यंत सगळीकडे लागू आहे. अमडापुरात ते व्हिडिओ गेमलाही लागू झालं.

'हायवे सरताज' हा बस चालवायचा गेम एका परदेशी कंपनीचा. त्यातले रस्ते इतके गुळगुळीत होते की इकडच्या कुणाला त्यावर गाडी चालवताच येईना. (अपघातग्रस्तांत दोन खरे एसटी चालक होते.) तेव्हा लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवणाऱ्या धम्मरत्नने फावल्या वेळात अमडापूर ते उंद्री रस्ता स्वतः तयार केला आणि गेममध्ये घातला. अशा घरगुती सुधारणेला मॉड म्हणतात. त्यात एक हजार एकशे त्रेचाळीस खड्डे होते, प्रत्येक आपापल्या जागी. तपासणी निवृत्त कंडक्टर रंगरावांनी डोळे मिटून केली, कारण तो रस्ता त्यांच्या कमरेला पाठ होता.

उंद्री फाट्यावर त्याने एक टपरीही उभी केली: 'सहदेव पंक्चर'. सहदेव त्याचे वडील. खरी टपरी रस्ता रुंद करताना गेली आणि मागोमाग सहदेवही गेले. दोघांचाही धड फोटो राहिला नाही. गेममध्ये मात्र टायर फुटला की बस तिथे थांबे आणि टोपीवाला माणूस हात पुसत बाहेर येई. धम्मरत्नची आई सुभद्राबाई रोज संध्याकाळी भाकरी झाल्या की म्हणायच्या, "एक चक्कर मार बरं उंद्रीवरून." टायर लवकर फुटावा म्हणून त्याने फाट्याच्या अलीकडे एक खड्डा पदरचा घातला होता. (हा एक हजार एकशे चव्वेचाळिसावा. याची नोंद कुठेही नाही.)

पुढे कंपनीने गेम सुधारला, म्हणजे खड्डे बुजवले. दोन हजार तीनशे बारा खेळाडूंनी एकाच दिवशी गेमला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'आमचे खड्डे परत द्या.' कंपनीने हात टेकले. यापुढे रस्त्यांबाबत खेळाडूंच्या समितीचा शब्द अंतिम, असं तिने जाहीर केलं. जनतेचा विजय झाला, म्हणजे समिती झाली. एक तारा देणारे सगळे सभासद, अध्यक्ष रंगराव, सचिव धम्मरत्न.

समिती होताच गोकुळ नावाच्या सभासदाने गेममधल्या अमडापूरच्या चौकात स्वतःच्या वाढदिवसाचा ऐंशी फुटी बॅनर लावला. त्याला आवर घालायला धम्मरत्नने एका बैठकीत नियमावली लिहिली. हाताला सवय होतीच. कलम चार: जे जमिनीवर नाही ते गेममध्ये राहणार नाही, अपवादास सात दिवसांत एक चतुर्थांश सभासदांची मते आवश्यक. कलम नऊ: हितसंबंधी व्यक्तीस मताधिकार नाही. नियमावली न वाचता एकमताने मंजूर झाली.

बॅनर उतरला. गोकुळ खऱ्या उंद्री फाट्यावर जाऊन मोकळ्या जागेचा फोटो घेऊन आला आणि त्याने टपरीविरुद्ध तीन प्रतींत तक्रार दिली. (ती धम्मरत्नच्याच केंद्रावर टाइप झाली. शुद्धलेखन त्यानेच सुधारलं.)

रंगराव दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरले. "माह्या गाडीचे किती टायर निघाले त्या दुकानात, मले मालूम हाये. पण नियम तूच लेहेला ना बे?"

"हाव, काका."

"मंग मी काय करू, सांग."

मतदान झालं. पाचशे अठ्ठ्याहत्तर मतं हवी होती, पाचशे सत्त्याहत्तर पडली. (त्यात गोकुळचंही होतं. "माही तक्रार नियमासाठी हाये, टपरीसाठी नाही," असा त्याचा खुलासा.) धम्मरत्नला कलम नऊ आडवं आलं. आठव्या दिवशी सचिव या नात्याने त्यानेच टपरी काढली. पदरचा खड्डा मात्र नोंदीत नसल्याने काढता आला नाही.

संध्याकाळी त्या खड्ड्यात टायर फुटला. बस मोकळ्या जागेपुढे थांबली. सुभद्राबाई बराच वेळ वाट पाहत बसल्या.

"आज दुकान काऊन बंद हाये रे?"

"बाबा जेवाले गेले असतीन," धम्मरत्न म्हणाला.

मतदानाचा निरोप समितीच्या ग्रुपवरून सातही दिवस प्रत्येक सभासदाच्या फोनवर गेला होता, सुप्रभातच्या गुलाबाखालीच. त्या ग्रुपमध्ये तुम्हीही आहात. कुणी घातलं ते तुम्हाला आठवत नाही, एवढंच. निरोप उघडला की दोन बटणं यायची, 'मत द्या' आणि 'नंतर'. तुम्ही 'नंतर' दाबलंत.