सतरा पिकोफॅरड

"बाबा, आता तरी ड्रायर लावू का? कालपासून सगळ्यांचे कपडे ओले पडलेत," नीलांबरीनं गराजच्या दारातून विचारलं.

"पाचच मिनिटं थांब गं. ड्रायरमुळे माझा आकडा चुकतोय का, ते बघतोय," जगन्नाथराव म्हणाले.

जगन्नाथराव नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले. २००५च्या उन्हाळ्यात ते लेकीकडे शुगर लँडला सहा महिन्यांसाठी आले होते. जावयाच्या गराजमध्ये एक जुना ऑसिलोस्कोप मांडून ते जुन्या जातीच्या एका ट्रान्झिस्टरची इनपुट कपॅसिटन्स मोजत होते, म्हणजे त्याच्या तोंडाशी किती विद्युतभार साठतो ते. पद्धत साधी होती. एका रेझिस्टरमधून सिग्नल द्यायचा, फ्रीक्वेन्सी वाढवत न्यायची आणि पडद्यावरची लाट सत्तर टक्क्यांवर कधी उतरते ते पाहायचं. मग एक भागाकार. ट्रान्झिस्टरबरोबर आलेला छापील कागद म्हणत होता चार पिकोफॅरड. त्यांना सतरा येत होते.

त्यांनी आधी स्वतःवर संशय घेतला, मग चष्म्यावर, मग भागाकारावर आणि शेवटी ड्रायरवर. ड्रायर बंद, तरी सतरा. पाकिटातले पाचही ट्रान्झिस्टर लावून झाले. पाचही सतरा.

"मग तुमचं करेक्ट आहे बाबा," जावई सुशांत म्हणाला. "माल फॉल्टी आहे. दुकानदाराला ईमेल टाकतो."

"अरे नको. माझंच काहीतरी..."

"पाच रीडिंग सेम आली यार! सॉरी... बाबा. अजून काय प्रूफ पाहिजे?"

ईमेल गेली. ह्यूस्टनचा दुकानदार वॉल्टर हा पंच्याहत्तरीचा सज्जन गृहस्थ. त्यानं स्वतः मोजून पाहिलं. 'अठरा! मला लाज वाटते,' असं त्याचं उत्तर आलं. त्यानं घाऊक व्यापाऱ्याला कळवलं. व्यापाऱ्याच्या इंजिनिअरनंही मोजलं. सोळा! हा ट्रान्झिस्टर आता कुठंच बनत नव्हता. त्या गोदामात शेवटचे चार हजार उरले होते. ते सगळे शनिवारी बाराच्या ट्रकनं भंगारात जाणार, असं ठरलं.

"बाबा, तुमच्यामुळे अख्खा स्टॉक रिजेक्ट!" नीलांबरीनं मंडळातल्या चार मैत्रिणींना फोन केले. जगन्नाथरावांनी तीस वर्षांच्या नोकरीत शिपायालासुद्धा चूक दाखवली नव्हती. आता अमेरिकेतली दोन माणसं त्यांच्याशी सहमत होती. त्या दिवशी जेवताना त्यांनी वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं.

शनिवारी सकाळी, उगीच खात्री असावी म्हणून, ते पुन्हा मोजायला बसले. तेरा आले. पुन्हा मोजलं. तेराच. ते वाकून बघायला लागले. सॉकेट रिकामं होतं.

"नीलू, इथला ट्रान्झिस्टर कुठंय?"

"ते काळं, पायवालं? अगंबाई! मला वाटलं किडा आहे. टिश्यूनं उचलून फेकला मी."

जगन्नाथराव रिकाम्या सॉकेटकडे बघत राहिले. ट्रान्झिस्टर नाही, मग हे तेरा कुणाचे? त्यांची नजर तारेवरून सरकत सरकत ऑसिलोस्कोपच्या प्रोबवर, म्हणजे मोजायच्या जागी टेकवायच्या सळईवर गेली. प्रोब सॉकेटला टोक लावून निवांत बसला होता. थोडा विद्युतभार तोही साठवतो. तेरा त्याचे होते! सतरातून तेरा गेले, उरले चार. कागदावर छापलेले चार.

"सुशांत, गाडी काढ!"

दुकानात वॉल्टरनं त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली.

"चूक माझी आहे," जगन्नाथराव उभ्याउभ्याच म्हणाले. "ट्रान्झिस्टर चांगले आहेत."

"किती विनयशील माणूस!" वॉल्टर सुशांतला म्हणाला. "सर, तुमचा आकडा आम्ही दोघांनी तपासलाय."

"तुम्ही दोघांनी आपापले प्रोब मोजलेत."

सुशांत मराठीत पुटपुटला, "बाबा, सगळे हॅपी आहेत. सोडा ना."

वॉल्टरची मोजणीची जोडणी टेबलावर अजून तशीच होती. जगन्नाथरावांनी न विचारता तिच्यात हात घातला आणि ट्रान्झिस्टर उपटून काढला. लाट जराशी वर सरकली आणि थांबली. त्यांनी फ्रीक्वेन्सीचं बटण फिरवलं, कागदावर भागाकार केला आणि कागद वॉल्टरपुढे सरकवला. चौदा.

वॉल्टरनं रिकामं सॉकेट पाहिलं. बोट घालूनही पाहिलं. "चाळीस वर्षं मी हे दुकान..." एवढं बोलून त्यानं फोन उचलला. बाराला सात मिनिटं कमी होती.

पलीकडचा इंजिनिअर बराच वेळ बोलत होता. वॉल्टरनं फोनवर हात ठेवला.

"तो ट्रक थांबवायला तयार आहे. पण म्हणतो, तक्रार करणाराही हाच आणि मागे घेणाराही हाच. या वेळी तरी याला खात्री आहे का, विचार."

वॉल्टर, सुशांत आणि फोनमधला तो न दिसणारा इंजिनिअर, तिघंही वाट बघत होते. जगन्नाथरावांनी घसा साफ केला. सुशांतनं सासऱ्यांचा इतका खणखणीत आवाज कधी ऐकला नव्हता.

"सांगा त्याला, मी चुकलोय. त्यात तिळमात्र शंका नाही!"