अंबाजीपंतांचे वेटोळे

एका जंगलात, मुलांनो, सगळे काही होते. झोप तेवढी नव्हती. वाघ केव्हा येईल याचा नेम नसे. म्हणून सांबर एकच डोळा मिटून झोपे, आणि ससा तोही मिटत नसे.

त्या जंगलातील एका गुहेत चित्रपट दाखवीत. खेळ चालू असेपर्यंत गुहेत शिकार वर्ज्य होती. पडदा काळा झाला, की ज्याने त्याने आपला जीव सांभाळावा. प्रेक्षकांना सर्वांत प्रिय होते ते भयपट. ज्यांना दिवसभर खरी भीती असते, त्यांना खोट्या भीतीची हौस फार.

चित्रपट कसा आहे हे ठरवण्याची तेथे एक रीत होती. पडद्यासमोर एक सपाट शिळा होती. तिच्यावर अंबाजीपंत नावाचे खवले मांजर बसे. खवले मांजर भ्याले की अंगाचे वेटोळे करते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. नसेल, तर ठाऊक करून घ्या. पंतांनी वेटोळे केले की चित्रपट उत्तम. ते सरळ बसून राहिले की चित्रपट पडला. शिळेवर पंत शब्दही बोलत नसत. त्यांच्या वडिलांनी त्याच शिळेवर वेटोळी केली होती, आजोबांनीही केली होती. शिळेचा नियम एकच होता: तिच्यावर बसून खोटी साक्ष द्यायची नाही. देणाऱ्याने शिळा सोडायची. पंत रोज सकाळी वनदेवीपुढे चिमूटभर वाळवी ठेवीत आणि एवढेच मागत, "माझे वेटोळे खरे असू दे."

एकदा रंगराव कोल्ह्याने चित्रपट काढला. नाव ठेवले 'न खाणारा'. त्यात एक खुनी होता. तो एकामागून एक जीव मारी, पण खात मात्र नसे. मारणे त्या जंगलाला नवे नव्हते. परंतु मारायचे आणि खायचे नाही! कल्पना ऐकूनच हरणांना कापरे भरले. पहिल्या खेळाला गुहेत पाय ठेवायला जागा उरली नाही.

चित्रपट सुरू झाला. पहिल्याच दृश्यात एक तरस काळी शाल पांघरून तळ्याकाठी उभा होता आणि मागे नगारा वाजत होता. खुनी कोण, हे पंतांनी तेथेच ओळखले. तपास करणाऱ्या बिबट्याला मात्र ते कळेना. तो कड्यावर बसून मेलेल्या बायकोची आठवण काढी. मग धुके पडे. मग कोणीतरी एकटेच तळ्यावर जाई आणि विचारी, "कोण आहे?" मग नगारा. मग बिबट्या पुन्हा कड्यावर.

वानरे एकमेकांच्या उवा काढू लागली. रानरेडा उठून चरायला गेला. सशाने मोठी जांभई दिली. पंतांनी डोळे उघडे ठेवण्याची शिकस्त केली. अखेर नाक पोटाशी गेले, शेपूट नाकावर आले आणि पंतांना झोप लागली. खवले मांजर झोपतेही वेटोळे करूनच, ही गोष्ट पुढे घडलेल्या अनर्थाचे मूळ आहे.

"अगं बाई! पंत गुंडाळले!" एक हरिणी किंचाळली.

सशाची दुसरी जांभई अर्ध्यावरच राहिली. पंत घोरत होते; लोकांना वाटले, थरथरत आहेत. पुढचे धुके पडताच सारी गुहा ओरडली. नगाऱ्याला दोन हरणे बेशुद्ध पडली. रंगराव स्वतः चकित झाला. आपला चित्रपट इतका चांगला असेल, अशी त्याला शंकाही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जंगलात दुसरा विषय नव्हता.

"माझ्या शेपटीतला जीव गेला होता," वानर म्हणाले.

"मला तर सोसवेना," बाहेर चरत बसलेला रानरेडा म्हणाला. "म्हणून उठून गेलो."

पंतांना हे त्यांच्या पत्नीने, भागीरथीबाईंनी सांगितले. "अहो, घोरत होतात तुम्ही. मी शेजारीच होते."

"मग उठवले का नाहीस?"

"कशी उठवू? सगळं जंगल तुमच्याकडे बघून ओरडत होतं. आता गप्प राहा. भ्यालात काय नि झोपलात काय, वेटोळं एकच."

"देवीला ती दोन दिसतात."

"देवी नाही शिळेवरून उठवायची तुम्हांला. लोक उठवतील."

तेवढ्यात रंगराव आला. त्याने मुंग्यांनी भरलेले वारुळाचे एक ढेकूळ अदबीने पुढे ठेवले. "पंत, आपण बोलत नाही, हीच आपली थोरवी. या वयात सवय मोडू नये."

पंतांनी ढेकूळ परत केले. भागीरथीबाई ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिल्या.

पंतांनी वनदेवीला नमस्कार केला. मग सगळे जमताच ते शिळेवर चढले आणि तेथून जन्मात प्रथमच बोलले. "मी भ्यालो नव्हतो. चित्रपट कंटाळवाणा होता. मला झोप लागली."



"म्हणजे मी उगाच किंचाळलो?" ससा चिडून म्हणाला. "माझा घसा बसला, पंत! आधी सांगायला काय झालं होतं?"

"झोपलेला कसा सांगणार?" भागीरथीबाई कडाडल्या.

गलका उठला. कोणी रंगरावाला बोल लावला नाही. सगळे पंतांवर तुटून पडले. रंगराव मात्र मागच्या मागे सटकण्याच्या बेतात होता. इतक्यात एक म्हातारे सांबर पुढे आले. त्याचे डोळे लाल होते.

"पंत," त्याने हळूच विचारले, "गाढ लागली होती का हो?"

"गाढ," पंत म्हणाले. ते खोटे बोलत नसत.

"स्वप्नं?"

"एकही नाही."

गलका थांबला. सशाने सांबराकडे पाहिले. सांबराने गुहेकडे पाहिले. रंगरावाने सगळ्यांकडे पाहिले आणि तो परत फिरला.

दुपारच्या खेळाला गुहा ओसंडून वाहत होती. पहिल्या धुक्याला हरणे झोपली, दुसऱ्याला वानरे. ससा दोन्ही डोळे मिटून पालथा पडला. आपले जेवण कोठे गेले, हे पाहायला वाघ आत आला. बिबट्या कड्यावर बसताच तोही आडवा झाला. असा चित्रपट झाला नाही आणि होणार नाही, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले. रंगरावाचा सत्कार झाला. आपण प्रथमपासून हेच योजले होते, असे तो म्हणाला.

पंतांची शिळा गेली. झोपेत का होईना, खोटी साक्ष झाली होती, आणि नियम तो नियम. परंतु जंगल कृतघ्न नव्हते. पडदा काळा होण्याआधी सर्वांना उठवणारा कोणीतरी हवा होता, आणि वाघाला सगळ्यांच्या शेवटी. हे काम विश्वासाचे होते. ते पंतांना मिळाले.

तेव्हापासून पंत रोज तो चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत जागे राहून पाहतात. खुनी काळ्या शालीतला तरसच निघतो. त्या जंगलात आता हा शेवट पाहणारे ते एकटेच आहेत. त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही.

तात्पर्य: मुलांनो, सत्य निर्भयपणे सांगावे. असत्याचे त्यामुळे काही बिघडत नाही; उलट त्याला नवा प्रेक्षक मिळतो.