पुस्तकातल्या पेशंटचं गाव

आमच्या शेजारच्या किसनआबांना पेशंटचं गाव कळल्याशिवाय त्याचा आजार ऐकवत नाही. पेशंट खरा असला पाहिजे अशीही त्यांची अट नाही. माझ्या मोबाइलमधल्या सरावाच्या पुस्तकातला, कुणीतरी साता समुद्रापलीकडे बसून रचलेला, ‘अडुसष्ट वर्षांचा पुरुष’ एवढीच ओळख असलेला पेशंट असला तरी आबा हात वर करून मला थांबवतात आणि विचारतात, “गाव कुटलं त्याचं?”

पहिल्यांदा मी सांगितलं की आबा, गाव दिलेलं नाही. त्यांना ते पटलं नाही. गाव नसलेला माणूस इस्पितळात पोचला कसा, त्याला आणलं कुणी आणि बरा झाल्यावर तो जाणार कुठे, असे तीन प्रश्न त्यांनी उलट मलाच घातले. पुस्तकात एकाचंही उत्तर नव्हतं. शेवटी आम्ही त्याला जवळच्याच नवलाख उंबरे गावचा करून टाकला आणि मगच पुढे सरकलो.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायला हवं. मी नर्स आहे. तळेगावातल्या एका खासगी इस्पितळात बरीच वर्षं काढल्यावर परदेशात जायचं डोक्यात घेतलं. तिकडे नर्स म्हणून काम करायचं तर त्यांची परवान्याची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत पाठांतराला कुणी विचारत नाही. पेशंट थोडा थोडा उलगडत जातो. आधी त्याची तक्रार, मग दोन तासांनी त्याची नाडी आणि ताप, मग रक्ताचा रिपोर्ट. दर टप्प्यावर विचारतात की तुला यात काय दिसतंय, काय वाटतंय आणि सगळ्यांत आधी तू काय करशील. चारही पर्याय शहाण्यासारखे दिसतात.

मी पहिल्या खेपेला नापास झाले. ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडमनी माझी चुकलेली उत्तरं काढून समोर ठेवली तेव्हा माझीच मला लाज वाटली. जिथे जिथे ‘पेशंटच्या शेजारी बसून त्याला धीर द्यावा’ असा पर्याय होता, तिथे तिथे मी डोळे मिटून तोच निवडला होता. मॅडम म्हणाल्या की ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ असं वाक्य पर्यायात दिसलं की ते चूक समजायचं. ते पेशंटला बरं वाटावं म्हणून नसतं, आपल्याला अवघड वाटू नये म्हणून असतं. मी मान डोलावली आणि पुढच्याच प्रश्नात पुन्हा एकाला धीर देऊन आले. माझी खोड ती. घरातही कुणी रडायला लागलं की मी आधी ‘काही नाही गं, होईल सगळं नीट’ म्हणते आणि मग विचारते की झालंय काय.

दुसरी खेप शेवटची, असं मीच ठरवून टाकलं होतं. मॅडमनी एक युक्ती सांगितली. ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाला रोज दहा प्रश्न समजावून सांग. त्याला कळलं म्हणजे तुला कळलं. असा माणूस मला गॅलरीतच मिळाला.

आमच्या इमारतीला मजल्यावर सगळ्यांची मिळून एकच लांब गॅलरी आहे. तिच्या टोकाला आबांची खोली. आबा मूळचे आंदर मावळातले, पण सगळा जन्म तळेगावात आणि रस्त्यावर गेला. एका इस्पितळाच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर ते तीस वर्षं ड्रायव्हर होते. नोकरी सुटली, सवयी सुटल्या नाहीत. त्यांच्या चपला दाराबाहेर नेहमी तोंड बाहेर करून ठेवलेल्या असतात. खुर्चीसुद्धा ते जिन्याकडे तोंड करून लावतात. चहा दोन घोटांत संपवतात आणि कप खाली ठेवताना जिन्याकडे एकदा बघून घेतात. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी तिकडे नगरला. मला ते शिस्टर म्हणतात. घरातल्या गाऊनवर केस विंचरत उभी असले तरी शिस्टरच.

गाव विचारायचं खूळ अ‍ॅम्ब्युलन्समधलंच. आबांचं म्हणणं असं की गाडीत घातलेल्या माणसाला नाव विचारलं तर त्याला पोलिस केस झाल्यासारखं वाटतं. गाव विचारलं की तो बोलतो. बोलता बोलता गाव चुकीचं सांगायला लागला की आबा अ‍ॅक्सिलेटर दाबायचे. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. माणूस कुठे आहे, कुठला आहे हे त्याला सांगता येतंय का, हे बघणं ही आमच्याकडे तपासणीतली पहिली गोष्ट आहे, असं त्या म्हणाल्या. मी ते आबांना मुद्दाम सांगितलं नाही, कारण मग त्यांनी परीक्षेला स्वतःच बसायचा हट्ट धरला असता.

अशा तऱ्हेने दोन महिन्यांत आम्ही सगळं मावळ आजारी पाडलं. साखर उतरून घामाघूम झालेला आणि भलतंच बोलणारा एक तरुण होता. आबांनी त्याला आंबी गावचा ठरवलं. कंपनीत तिसऱ्या पाळीला गेला असणार आणि डबा न खाता झोपला असणार, म्हणजे आधी साखर बघा, असा त्यांचा निकाल. उत्तर बरोबर आलं. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणात तळमळणारी बाई कामशेतची. मी म्हटलं, घाबरली असेल, धीर देऊ या. आबा म्हणाले की घाटातून आणताना जो उगाच उठून बसायला बघतो त्याला हवा कमी पडत असते, आधी तिचा श्वास बघ. तेही बरोबर निघालं. मी शिकवायला बसले होते, आणि शिकवत कोण होतं हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

मात्र एका पेशंटवरून पुढच्या पेशंटवर जाणं महाकठीण. प्रश्न संपला की आबा विचारायचे, मग पुढं त्याचं काय झालं? प्रश्नात पुढचं काहीच नसतं. बरोबर उत्तराला खूण झाली की पेशंटचा संबंध संपला. आबांना हे अजिबात चालायचं नाही. तीस वर्षं ते माणसांना लोणावळ्याच्या घाटातून उचलून इस्पितळाच्या दारात सोडत होते. सही घ्यायची, गाडी धुवायची, परत फिरायचं. दाराच्या आत काय झालं ते त्यांना कुणी सांगत नसे. आता निदान पुस्तकात तरी कळावं, एवढंच त्यांचं मागणं.

मग मी सांगायला लागले की बरा होऊन घरी गेला. आबा विचारायचे, कशानं गेला? मी एसटीनं म्हटलं तर ते म्हणायचे की त्या गावाला दुपारची एसटी नाही.

एकदा रात्रपाळी करून आले होते, डोकं उठलं होतं, आणि तो नवलाख उंबऱ्याचा अडुसष्ट वर्षांचा माणूस प्रश्नांत तिसऱ्यांदा निघाला. पाय सुजलेले, आडवं झोपवत नाही, असं त्याचं दुखणं. आबांनी पुढचं विचारलं आणि मी चिडून सांगून टाकलं की वारला. आबा उठून आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी ते गॅलरीत आलेच नाहीत. संध्याकाळी स्टेशनजवळच्या चहावाल्यानं मला थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, “मॅडम, तुमचा तो नवलाख उंबऱ्याचा पेशंट गेला म्हणे. आबा लय नाराज हायेत.”

मी धावत वर गेले. आबांना म्हटलं की माझी चूक झाली, मी भलत्याच पेशंटचा कागद वाचला. त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजे दुसराच कोनतरी गेला?” मला तोही जिवंत करावा लागला. दोघंही खडखडीत बरे आहेत असं मी शपथेवर सांगितलं. आबा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “लय ग्वाड बोलतीस तू, शिस्टर.” मला ते कौतुक वाटलं.

त्या दिवसांत मला एक विचित्रच गुंगी असायची. रात्रपाळीनंतर दुपारी झोपायचे आणि चारच्या सुमाराला अर्धवट जाग यायची. हिवाळ्याचं पिवळं ऊन गॅलरीतून आत सरकलेलं असायचं, लोणावळ्याकडचे डोंगर धुरकट दिसायचे, आणि त्या धुरकटातून आमचे पेशंट एकेक करून खाली उतरून यायचे. कामशेतची बाई हातात पिशवी घेऊन, आंबीचा तरुण कंपनीचा निळा शर्ट घालून. कुणी काही मागायचं नाही. गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे राहायचे आणि मी आधी कुणाकडे जाणार याची वाट बघायचे. मला अंथरुणातून उठवत नसे. आबांच्या खुर्चीचा आवाज आला की ते विरघळून जायचे. एकदा खरोखरच आंबीच्या रस्त्याला रिक्षातून जाताना निळ्या शर्टातला एक मुलगा वडापाव खाताना दिसला आणि मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. संध्याकाळी आबांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, दोन खाल्ले का एक?

मी ती परीक्षा पास झाले. कागदपत्रं व्हायची आहेत, वर्षभरात जाईन. पण सांगायचं आहे ते परीक्षेच्या आदल्या संध्याकाळचं.

माझे प्रश्न संपले होते. मोबाइल बंद करून ठेवला होता. आता काही वाचू नको, असं मॅडमनी बजावलं होतं. ऊन कलत आलं होतं. आबा आले, बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “आज केस मी घालतो. तू उत्तर दे.” मला गंमत वाटली. मी मांडी घालून बसले.

“गाव तळेगाव,” आबांनी सुरुवात केली. “बाई. वय बावन्न. रातच्यापास्नं पाठीत दोन खांद्यांच्या मधी दुखतंय. सकाळी म्हनली, जबडा बी दुखतोय. पोटात मळमळ. घाम सुटलाय, पन ताप न्हाई. छातीत दुखतंय का इचारलं, तर न्हाई म्हनली. भाकरी थापायला बसली अन् उठून आडवी झाली. ह्या आदी कंदी दिवसा आडवी झाली न्हवती.”

ते थांबले. ते सगळं सलग बोलले होते, पाठ केलेलं असावं तसं. मला हसू येत होतं ते कुठेतरी थांबलं.

“आता चार पर्याय सांगतो. येक, पित्ताची गोळी द्यायची. दोन, आलं घालून चहा द्यायचा. तीन, गाडी काढायची अन् लगेच इस्पितळात न्यायचं. चार, जरा पडून ऱ्हा म्हनायचं, डूटीवर जायचं, दुपारी येऊन बघायचं.” त्यांनी बोटं मिटली. “घरचा मानूस काय अडानी न्हाई. तीस वर्सं आजारीच मानसं उचलतोय. गाडी बी हाताखाली हाय. आदी काय करायचं, सांग.”

उत्तर मला पहिल्या काही वाक्यांतच कळलं होतं. बायकांचा हार्ट अ‍ॅटॅक पुष्कळदा असाच येतो, छातीत न दुखता, पाठीतून आणि जबड्यातून. ती बाई कोण हेही मला तोवर कळलं होतं. आणि माझ्या जिभेवर माझं नेहमीचं वाक्य येऊन बसलं होतं. आबा, अहो, हे कुणालाच ओळखता आलं नसतं. तुमचं काही चुकलं नाही. इतकं सोपं होतं ते म्हणणं. मी तोंड उघडलंसुद्धा.

आबा माझ्याकडे बघत नव्हते. बोटं मिटलेला हात तसाच गुडघ्यावर होता. दहा प्रश्न रोज, असे दोन महिने हा माणूस माझ्यासमोर येऊन बसला होता, आणि त्याला विचारायचा होता तो हा एकच प्रश्न.

“तीन,” मी म्हटलं.

“पक्कं?”

“पक्कं, आबा. गाडी काढायला हवी होती.”

 खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला वाटलं, मी एका म्हाताऱ्या माणसाला उभं चिरलं.  

“व्हय,” आबा म्हणाले. “मी चार नंबरचं केलं. गोळी बी दिलती. दुपारी आलो तवा…” त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. “नऊ वर्सं झाली शिस्टर. समदे म्हनतात, आबा, तुमची काय चूक. पोरगी म्हनती, भाऊ म्हनतो, डाक्टर बी तेच म्हनला. येवढे समदे म्हनले की मला मंग कुनापाशी तिचं नावच काढता येईना. नाव काढलं की लगेच समजूत घालतात.”

मी समजूत घातली नाही. आता काय करावं ते कुठल्याही पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी जरा पुढे सरकून बसले आणि विचारलं, “त्यांचं नाव काय होतं, आबा?”

“शेवंता,” आबा म्हणाले. मग त्यांनी डोळे पुसले आणि शेवंतामावशी भाकरी कशी थापायच्या ते मला सांगायला लागले. अंधार पडला तरी ते सांगतच होते, आणि दिवा लावायला आम्ही दोघंही उठलो नाही.