पाय पुढे

१९७४ सालच्या मार्चमधली ही गोष्ट. विधानसभेच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता आणि मुख्य मार्शल तिम्मय्यांच्या निवृत्तीला सतरा दिवस उरले होते. एकोणतीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकाला एक डाग नव्हता.

विरोधी बाकावरचे नंजेगौडा अध्यक्षांच्या आसनासमोर उताणे झोपले होते. कालव्याची पाणीपट्टी वाढवणारं विधेयक पाचला कामकाज संपायच्या आत मंजूर झालं नाही, तर पुढच्या अधिवेशनापर्यंत लटकणार होतं. अध्यक्ष शेषगिरी रावांनी तीनदा समज दिली, दिवसापुरतं निलंबित केलं आणि म्हणाले, "मार्शल, यांना बाहेर न्या."

"गौडासाहेब, चालत या ना," तिम्मय्या वाकून कुजबुजले. "माझी कंबर गेलीय."

"उचला, अण्णा. नाचणीचे चार गोळे खाऊन आलोय, तुमच्यासाठीच."

तिम्मय्यांसह चौघा मार्शलनी उचललं. गौडांचे पाय दाराकडेच होते, तसेच सरळ बाहेर नेले. तेवढ्यात त्यांच्या पक्षाचे पुट्टस्वामी ओरडले, "अरे, पाय पुढे! जित्या माणसाला मढ्यासारखं नेलंत!"

सरकारी बाकांवरही कुणीतरी "शिव शिव" म्हणालं.

बाहेर व्हरांड्यात नंजेगौडांनी डोळे उघडून आपले पाय पाहिले आणि समाधानानं पुन्हा मिटले. "तिम्मय्या, मी गेलो. आता उठत नाही."

आत पुट्टस्वामींना जोर चढला. "सदस्य गेला की शोकप्रस्ताव मांडून दिवसभर तहकुबी, ही आपली प्रथा! मांडा प्रस्ताव!"

विरोधक दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. ती संपली की पुन्हा दोन मिनिटं. फाटकाबाहेरून झेंडूचा हार आला, तो गौडांच्या छातीवर पडला. घड्याळात चार वीस झाले.

अध्यक्षांनी तिम्मय्यांना आसनाजवळ बोलावलं. "हा घोळ पाचच्या आत निस्तरला नाही, तर तुमच्या सेवापुस्तकात मी स्वतः शेरा लिहीन."

एकोणतीस वर्षं दाराशी उभं राहून तिम्मय्यांनी सगळे नियम ऐकले होते. ते हळूच म्हणाले, "स्वामी, सदस्य गेला की शोकप्रस्तावानंतर आणखी एक गोष्ट होते ना..."

अध्यक्ष उठले. "सभागृहाची भावना मला मान्य आहे. सदस्य गेले असतील, तर त्यांच्या हुलिकेरे मतदारसंघाची जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक घ्या म्हणून आजच कळवतो."

व्हरांड्यात हार उडाला. नंजेगौडा धावतच आत शिरले. "मी जिवंत आहे! चांगला धडधाकट आहे!"

"निलंबित सदस्य सभागृहात शिरले आहेत," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "मार्शल!"

"डोकं पुढे! वळवा, अरे वळवा!" तिम्मय्या घोगऱ्या आवाजात ओरडले. वळवताना गौडांच्या टाचेनं पुट्टस्वामींचा चष्मा गेला. चार बावन्नला विधेयक मंजूर झालं.

तिम्मय्या निष्कलंक निवृत्त झाले. कंबर मात्र कायमची गेली. शेषगिरी राव पुढची निवडणूक हरले. पुट्टस्वामी नवा चष्मा लावून सरकारी बाकांवर जाऊन बसले. ती पाणीपट्टीवाढ वर्षभरात रद्द झाली.

नऊ वर्षांनी नंजेगौडा स्वतःच अध्यक्ष झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सहा दंगेखोरांना बाहेर काढलं. त्याआधी मार्शलना लेखी हुकूम दिला होता: सदस्य कितीही बेशिस्त असो, न्यायचा तो डोकं पुढे करूनच. एक प्रत टपालानं तिम्मय्यांच्या घरी गेली.