व्यंकट सरांचा ऐतवार

व्यंकट सर पहिल्यांदा भेटले की नाव विचारायचे नाहीत. हनुवटी धरून तुमचं तोंड एका बाजूला वळवायचे आणि कानाची पाळी बघायचे. मी लातुरातल्या त्यांच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला नवा लागलो होतो. हातात चहाचा कप, आणि हा बायलॉजीचा माणूस माझं मुंडकं वळवून म्हणतो, "चिकटलेली पाळी. आईकडनं की बापाकडनं?" चहा माझ्याच पँटवर सांडला.

त्यांना एका जागी टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. शिकवताना फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझाऱ्या, स्टाफरूममध्ये दारापासून खिडकीपर्यंत. डबासुद्धा उभ्यानं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते, नायगाव-जळकोटाकडची पोरं डॉक्टर व्हायला येऊन खोल्या करून राहायची. सरांची चंगळच झाली. कुणाला जीभ गुंडाळायला लाव, कुणाचा अंगठा मागं वाकव. एका पोरीचा बाप फी भरायला आला तर त्यालाही जीभ बाहेर काढायला लावली. क्लासचे मालक कपाळाला हात लावून बसले.

"थोबाड फसवील, रक्त फसवायचं न्हाई," हे त्यांचं पालुपद. डीएनएचा धडा आला की त्यांना जोर चढायचा. "गुन्ह्याच्या जागी रक्त सापडलं, संशयिताशी जुळलं. लगेच फासावर चढवाल? आधी विचारा, ही खूण कुठल्या समाजात सर्रास हाय अन् कुठल्यात क्वचित. सर्रास सापडणारी जुळली तर तिला काय किंमत? अन् आपल्याकडं तर मामाची पोरगी करायची रीत. अर्धा तालुका एकमेकासारखा दिसायलाय." पोरं खिदळायची, कारण वर्गात दोघं-तिघं तरी आतेभाऊ-मामेभाऊ निघायचेच.

हे सगळं तोंडपाठ असलेल्या माणसानं नेमकी तीच चूक करावी? मला अजून राग येतो.

झालं असं. सरांची धाकटी बहीण शकू औशाकडच्या एका खेड्यात दिली होती. भूकंपाच्या वर्षी ती गणपतीला माहेरी आली, आणि विसर्जनाआधी सरांनीच तिला सासरी पोचवलं. भूकंपानंतर सर गावात शिरले तोवर ढिगाऱ्यातून काढलेल्यांना एकत्रच अग्नी दिलेला. कोण होतं, कोण नव्हतं, सांगायला माणूस उरला नव्हता. "मी तिचं तोंड पाहिलं न्हाई," एवढंच सर एकदा बोलले आणि खिडकीकडं निघून गेले.

मग एकदा पेपरात आलं. नांदेडच्या एका महिला आश्रमात एक बाई आहे, भूकंपात डोक्याला मार लागलेली, नाव-गाव सांगता येत नाही. आश्रमात तिला गंगाबाई म्हणायचे. सर जाऊन आले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "शकूच हाय. तेच नाक, तेच कपाळ."

"सर, अर्धा तालुका एकमेकासारखा दिसतो ना?"

"तुम्ही तुमचं फिजिक्स बघा."

ऐतवारची बॅच माझ्या गळ्यात मारून ते दर ऐतवारी नांदेडची एसटी पकडायला लागले. मी बेजार झालो. शेवटी माझ्याच कटकटीनं दोघांच्या गालातून कापूस फिरवून नमुने हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या माणसानं फोनवर समाज विचारला, तर सर खूश. "कुठल्या समाजाशी ताडून बघायचं ते विचारतो. शिकलेला हाय."

त्याच माणसाचा पुन्हा फोन आला. भाऊ-बहीण नाहीत. जे जुळतंय ते त्या भागातल्या कुणाचंही कुणाशी जुळेल. सरांनी त्याला उलट विचारलं, नात्यातली लग्नं हिशेबात धरलीत का? धरली होती. सरांचा चेहरा असा उतरला की मला लई वाईट वाटलं.

पुढच्या ऐतवारी बॅचला सुट्टी देऊन त्यांनी मलाही ओढत नेलं. एसटीत सारखी चुळबुळ. "भाऊ सापडला म्हणून बसलेली बाई हाय ती. तिला काय तोंड दाखवू?"

गंगाबाई आश्रमाच्या व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती. सरांनी दोन-तीन चकरा मारल्या आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"बाई, तपासणीचं कळलं. मी तुमचा भाऊ न्हाई."

"ठाव हाय," ती म्हणाली. शेंगा सोलणं चालूच.

"कसं काय?"

"मला भाऊ नव्हताच. आमी बहिणीच बहिणी. बाकी समदं इसरले, ते तेवढं ध्यानात हाय."

"मग तो कापूस कशाला फिरवू दिलात?"

"न्हाई म्हणले असते तर तुमी यायचं बंद केलं असतं. माझ्याकडं दुसरं कोण येतंय?"

सरांचे डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. म्हणाले, "पुढच्या ऐतवारी आलो तर चालेल का तुम्हाला?"

"या की. पर हे ‘बाई’ अन् ‘तुमी’ नगं. शकूच म्हणा. माझं खरं नाव तरी कुठं कुणाला ठाव हाय."